पोहण्याच्या तलावाच्या शिडीला हात लावला की झिणझिण्या येतात, काय तपासावं?

वाडीतलं_घर
नमस्कार मंडळी. अलिबागजवळ नागावला आमच्या वाडीत जुन्या घरामागे एक छोटा पोहण्याचा तलाव बांधून घेतला आहे. काँक्रीटचा, आतून टाइल्स, एका बाजूला स्टीलची शिडी. फिल्टरच्या पंपाची खोली दहा-बारा फुटांवर. पावसाळ्यानंतर सुरू केला तेव्हा सगळं ठीक होतं.

एप्रिलपासून एक प्रकार सुरू झालाय. पाण्यात उभं राहून शिडीचा कठडा धरला की हाताला बारीक झिणझिण्या येतात. सकाळी जवळजवळ नाहीतच, संध्याकाळी सातनंतर अगदी स्पष्ट. पंप बंद असला तरी येतात. ज्याने वायरिंग केलं तो येऊन टेस्टर लावून गेला. टेस्टर पेटला नाही. "शिडीला अर्थिंग दिलंय ताई, पाणी म्हटल्यावर एवढं चालायचंच," असं म्हणाला.

पुढच्या आठवड्यात भावाची मुलं सुट्टीला येतायत. घरातले म्हणतात, काही होत नाही. मला हे मुळीच पटत नाहीये. कुणाला असा अनुभव आहे का? नेमकं काय तपासायला सांगू?

मिलिंद_ठाणे
पहिली गोष्ट, उत्तर मिळेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. मोठ्यांनाही नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

मोटारवाला_सांगली
मोटारीचं वाइंडिंग दमट झालंय. समुद्राजवळची हवा, दुसरं काय. वाइंडिंगमधून करंट बॉडीत उतरतो, बॉडीतून पाण्यात. मोटार काढून भट्टीत वाळवून घ्या आणि वार्निश मारून घ्या, नाहीतर नवी बसवा. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारींना दर दोन पावसाळ्यांनी हेच होतं.

झोपाळा
आमच्या वॉशिंग मशीनलाही हात लावला की बारीक लागतो. दहा वर्षं झाली, सगळे धडधाकट आहेत. उगाच घाबरवू नका ताईंना.

नाना_वायरमन
झोपाळा, वॉशिंग मशीनला तुम्ही पायात चप्पल घालून, कोरड्या हाताने, एका बोटाने शिवता. पाण्यात छातीपर्यंत बुडालेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. आणि ते मशीनही दाखवून घ्या.

ताई, तलाव आजपासून बंद. मिलिंद म्हणतात ते बरोबर.

टेस्टर पेटला नाही याचा अर्थ करंट नाही असा होत नाही. टेस्टरमधला निऑन दिवा साठ-सत्तर व्होल्टच्या खाली पेटतच नाही. पाण्यात माणसाला त्याच्या कितीतरी खाली त्रास होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत तलावाच्या आतल्या दिव्यांना १२ व्होल्ट एसी ही वरची मर्यादा आहे.

मोटारवाल्या मित्रांचं म्हणणं इतर ठिकाणी बरोबर ठरलं असतं. पण ताई लिहितात, पंप बंद असतानाही येतात, आणि संध्याकाळी जास्त येतात. मोटार गळत असती तर मोटारीबरोबर सुरू आणि मोटारीबरोबर बंद झालं असतं. संध्याकाळी काय वाढतं? गावाचा लोड वाढतो. लोड वाढला की लांबच्या लाइनवर न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, दाब (व्होल्टेज) जमिनीच्या तुलनेत वर चढतो. मला न्यूट्रलचा संशय आहे.

तीन गोष्टी बघून इथे लिहा:
तुमच्या डीबीत (विजेच्या मुख्य पेटीत) आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, आहे का? त्यावर "टेस्ट" लिहिलेलं बटण असतं आणि ३० एमए (मिलीअँपिअर) असं छापलेलं असतं. असेल तर पंपाच्या खोलीची लाइन त्याच्या पुढून निघते की मागून? आणि पंपाच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने एकत्र लूप मारलेत का? हे तिसरं स्वतः उघडून बघू नका. परवाना असलेला माणूस बोलवा. आधीचाच नको.

वाडीतलं_घर
धन्यवाद नाना. तलावाला दोरी बांधून टाकली, शिडीही वरून झाकली. डीबीत आरसीसीबी आहे, बटण दाबलं तर पडतो. पण तो पाडला तेव्हा घरातले दिवे गेले आणि पंप मात्र चालूच राहिला.

नाना_वायरमन
मग पंपाची लाइन आरसीसीबीच्या आधीच काढली आहे. का काढली असेल, याचा मला अंदाज आहे. आरसीसीबी सारखा पडत असेल. पडण्याचं कारण शोधण्याऐवजी लाइनच बाजूला केली. मीटर लावून खात्री होऊ द्या, मग बोलतो.

केतकी_बोरिवली
नाना, आरसीसीबी आणि एमसीबी यांत फरक काय ते जरा सोप्या भाषेत सांगाल का? आमच्या घरी नुसत्या एमसीबीच्या रांगा आहेत, आणि इलेक्ट्रिशियन म्हणाला की त्यात सगळं आलं.

नाना_वायरमन
एमसीबी वायरला वाचवतो. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. माणसाला वाचवणं हे त्याचं कामच नाही.

हिशेब करून बघा. गावाकडे आपल्या घराचं अर्थिंग म्हणजे आपलाच खड्डा. समजा त्याचा रोध २५ ओम आहे. फेज, म्हणजे करंट आणणारी तार, पंपाच्या बॉडीला चिकटला तर २३० भागिले २५, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जाईल. सोळा अँपिअरचा एमसीबी हलणारही नाही. बॉडी जिवंत, अर्थ वायर जिवंत, आणि अर्थ वायरला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत.

आरसीसीबी काय करतो? फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे बघतो. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला की ३०० मिलिसेकंदांच्या आत लाइन तोडतो. फरक मोठा असेल तर त्याहून लवकर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीसाठी तीसचीच मर्यादा आहे. तो नसेल तर बसवून घ्या, आणि दर महिन्याला बटण दाबून बघा.

डॉ_अनुराधा
शरीराच्या बाजूने थोडं लिहिते. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओम धरतात, बुडालेल्या माणसाचा त्याहूनही कमी. एका मिलीअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात. दहाच्या पुढे गेलं की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तिसाच्या आसपास श्वासाचे स्नायू अडकू शकतात. त्याच्या वर, किती वेळ करंट वाहिला त्यावर, हृदयाची लय बिघडते.

पण पाण्यात माणूस मरायला हृदय थांबावं लागत नाही. दहा-पंधरा मिलीअँपिअरने हातपाय चालेनासे होतात, आवाज फुटत नाही आणि तो शांतपणे खाली जातो. शवविच्छेदनात दिसतं ते बुडणं. विजेची खूण अंगावर राहतेच असं नाही. त्यामुळे चांगलं पोहता येणारा माणूस उथळ पाण्यात बुडाला की घरच्यांनी विजेची शंका जरूर मांडावी.

झिणझिण्या येतात म्हणजे रस्ता तयार आहे. आज त्यावरून थोडं जातंय, उद्या किती जाईल ते आपल्या हातात नाही.

ह्यूस्टनकर
डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला +१००.

मी अमेरिकेत इलेक्ट्रिकल डिझाइनचं काम करतो. आमच्याच ह्यूस्टनमध्ये २०१३ साली एका हॉटेलच्या तलावात, पाण्यात अडकलेल्या आपल्या माणसांना वाचवायला गेलेला तरुण मुलगा गेला. पाण्यातल्या दिव्याच्या वायरिंगमध्ये दोष होता. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात नॉर्थ मायामीमध्ये सात वर्षांचा मुलगा स्वतःच्या घरच्या तलावात गेला, तिथेही दिव्याचंच वायरिंग. कडक नियम असलेल्या देशातल्या या गोष्टी आहेत.

इथल्या इलेक्ट्रिकल कोडचं ६८० वं कलम फक्त तलाव आणि कारंज्यांसाठी आहे. त्यातला गाभा म्हणजे बाँडिंग. आपल्याकडे अर्थिंगबद्दल सगळे बोलतात, बाँडिंगबद्दल कुणीच नाही. अर्थिंग म्हणजे धातू जमिनीला जोडणं. बाँडिंग म्हणजे शिडी, कठडा, पंपाची बॉडी, काँक्रीटमधली सळई, दिव्याची चौकट, पाणी आणि कडेची तीन फुटांपर्यंतची फरशी हे सगळं एकमेकांना जोडणं. विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. तलावात तेच साधायचं. बाहेरून दहा व्होल्ट आले तरी शिडी, पाणी आणि पायाखालची फरशी तिन्ही दहावरच असतील, तर अंगातून काही वाहणार नाही. यासाठी इथे आठ गेजची भरीव तांब्याची तार वापरतात.

ताई, तुमची शिडी नुसती डीबीच्या अर्थ पट्टीला जोडली असेल आणि तलावाच्या सळईला जोडली नसेल, तर अर्थ पट्टीवर जे काही येईल ते सरळ शिडीवर येणार. अर्थिंग दिल्यामुळेच करंट आला, असंही होऊ शकतं.

झोपाळा
हे माझ्यासाठी नवीन आहे. अर्थिंगमुळे शॉक? मग शिडीची अर्थ वायर तोडून टाकली की प्रश्न मिटला ना?

ह्यूस्टनकर
नाही! तसं केलं तर उद्या शिडीला दुसरीकडून फेज लागला की तो जायला वाटच राहणार नाही. तोडू नका. जोडायचं अजून बाकी आहे.

गच्चीवरचा_पूल
प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विचारतो. मुलांसाठी गच्चीवर हवेचा प्लॅस्टिकचा पूल घेतलाय. डिसेंबरात पाणी गार पडतं. बादलीत घालतो तो हीटरचा रॉड पुलात टाकून पाणी कोमट केलं तर? मुलं उतरायच्या आधी बंद करणारच.

नाना_वायरमन
नको. कधीच नको. हात जोडून सांगतो.

प्लॅस्टिकचा पूल जमिनीपासून तुटलेला असतो. रॉडला चीर असेल तर पाणी जिवंत होतं, पण करंटला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून आरसीसीबीला काहीच कळत नाही. तो गप्प बसतो. मूल एक पाय गच्चीवर आणि एक पाय पाण्यात ठेवतं तेव्हा ती वाट पहिल्यांदा तयार होते. आणि दोन तारांच्या मध्ये पाण्यातच सापडलेल्या माणसासाठी तर आरसीसीबी पडेलच याची खात्री नाही. गरम पाणी बादल्यांनी ओता. कष्ट आहेत, पण तेच करा.

तसंच तलाव उपसायला जे बुडवायचे मडपंप आणतात, त्यांच्या पुस्तिकेत छापलेलं असतं की पाण्यात माणसं असताना चालवू नये. कुणी वाचत नाही. शोभेच्या धबधब्यासाठी तोच पंप तलावात कायमचा टाकून ठेवलेले बंगले मी पाहिले आहेत.

गच्चीवरचा_पूल
बरं झालं विचारलं. बादल्या तर बादल्या. व्यायाम होईल.

कर्जत_फार्महाऊस
आम्ही शनिवार-रविवार बंगला भाड्याने देतो. पाहुणे येतात ते गाण्याचा मोठा स्पीकर घेऊन, आणि तो बरोब्बर तलावाच्या काठावर हवा असतो. खोलीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढतात, ओल्या फरशीवर ठेवतात, त्यालाच चार मोबाइल. समजावलं तर तोंड वाकडं करतात. शेवटी मी काठाजवळची सगळी सॉकेट काढून भिंती बुजवल्या. मग लांबून वायर ओढायला लागले!

ह्यूस्टनकर
सॉकेट सगळी काढली की एक्स्टेंशन येतंच. इथल्या कोडमध्ये म्हणूनच उलटा नियम आहे: काठापासून सहा फुटांच्या आत एकही सॉकेट नको, पण वीस फुटांच्या आत एक तरी हवंच, संरक्षण असलेलं.

नाना_वायरमन
आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकाच्या ७०२ व्या भागातली विभागणी मला जास्त उपयोगी वाटते. तलावाच्या आतला भाग शून्य विभाग. काठापासून दोन मीटरपर्यंत आणि अडीच मीटर उंचीपर्यंत पहिला. तिथून पुढे दीड मीटर दुसरा. स्पीकर, दिव्यांच्या माळा, पंखे, बार्बेक्यूचा पंखा सगळं पहिल्या विभागाबाहेर. दुसऱ्या विभागात सॉकेट चालेल, पण तीसच्या आरसीसीबीवर. कर्जतवाले, काठापासून साडेतीन मीटरवर झाकणाचं सॉकेट द्या आणि स्पीकर बॅटरीवरचा आणायला सांगा.

अजून एक, तुमच्याकडे जनरेटर असेल. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा जमिनीला जोडलेला नसतो. मग आरसीसीबी असूनही नसल्यासारखा, कारण गळती परत यायला वाट नाही. इन्व्हर्टरवरही न्यूट्रलची जोडणी चुकली की तेच. लाइट गेल्यावर जनरेटरवर तलावाचे दिवे चालवत असाल तर आधी हे तपासून घ्या.

कर्जत_फार्महाऊस
जनरेटर आहे. याचा विचारच कधी केला नव्हता. आता लाइट गेली की तलाव बंद, असा बोर्ड लावतो.

रत्नागिरीकर
अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे जांभ्यात एप्रिल-मेमध्ये खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि रोध कितीतरी वर जातो. नागावची वाळूही तशीच कोरडी पडत असणार. ताईंचा त्रास एप्रिलपासूनच सुरू झाला हे लक्षात घ्या. आम्ही उन्हाळ्यात दर दोन-चार दिवसांनी खड्ड्यात पाणी ओततो. कोळसा-मीठ भरून पाच वर्षं विसरून जाणारे लोक आहेत.

वाडीतलं_घर
मंडळी, निकाल आला आहे. अलिबागहून परवानाधारक ठेकेदार आले होते. त्यांनी मीटरला समांतर रोध जोडून मोजलं, म्हणजे फसवा आकडा येत नाही म्हणे. शिडी आणि चार मीटरवर ठोकलेली लोखंडी कांब यांच्यात सकाळी दोन व्होल्टसुद्धा नाही, संध्याकाळी साडेसातला अकरा. शिडी आणि पाणी यांच्यात सहा.

मग पंपाचा एमसीबी पाडला, आकडा तसाच. मेनचा दोन्ही तारा तोडणारा स्विच पाडला, आकडा शून्य. पंपाच्या खोलीतलं सॉकेट उघडलं तर नाना म्हणाले तेच. न्यूट्रलपासून अर्थच्या पिनला वायरचा तुकडा. खड्डा कोरडा होता आणि अर्थ वायरचं एक टोक गंजून सुटायला आलं होतं.

नाना_वायरमन
बघा आता सगळं कसं जुळलं. गंजलेल्या टोकामुळे अर्थ नीट लागेना, म्हणून न्यूट्रललाच अर्थ केलं. न्यूट्रल-अर्थ जोडल्यावर आरसीसीबी पडणारच, म्हणून लाइन त्याच्या आधीच्या बाजूला नेली. आणि शिडीची अर्थ वायर त्याच पट्टीवर, म्हणजे शिडी थेट न्यूट्रलवर. खड्डा ओला होता तोवर तो न्यूट्रलला खाली ओढून धरत होता. एप्रिलमध्ये वाळला आणि तुम्हाला जाणवायला लागलं. रत्नागिरीकरांना या दुव्याचं श्रेय.

अकरा व्होल्ट हे यातलं मोठं संकट नाही. वादळात खांबावर किंवा तुमच्या मीटरवर न्यूट्रल तुटला असता, तर घरातल्या चालू दिव्या-पंख्यांमधून फेजचा दाब त्याच तुकड्यावाटे शिडीवर आला असता. जूनमध्ये वादळं येतातच.

डॉ_अनुराधा
वाचून अंगावर काटा आला. ताई, तुम्ही घरच्यांचं ऐकून सोडून दिलं नाहीत, फार बरं केलंत.

वाचवण्याबद्दलही इथे लिहून ठेवते. पाण्यात कुणी आखडलेलं दिसलं तर उडी मारू नका. आधी मेन बंद करा. पाण्यातल्या इतरांना ओरडून शिडीपासून लांब व्हायला सांगा. कोरड्या लाकडी किंवा फायबरच्या काठीने माणूस कडेला ओढा. श्वास नसेल तर लगेच छाती दाबणं सुरू करा, बुडलेल्याला तोंडाने श्वासही द्या, आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला लावा. मेन कुठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही माहीत असलं पाहिजे.

मोटारवाला_सांगली
माझा अंदाज चुकला, मान्य. पण ताई, मोटारीचं इन्सुलेशन मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर) तपासून घ्याच.

वाडीतलं_घर
दादा, तेही केलं, मोटार चांगली आहे. झालेली कामं: लूप काढला, अर्थ वायर नवीन, खड्डा नव्याने भरला आणि दुसरा एक केला, पंपाला स्वतंत्र तीसचा आरसीसीबी. काल संध्याकाळी शिडी-पाणी यांच्यात मीटरवर काही दिसलं नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच आहेत, पण त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे २३० चे १२ व्होल्ट करणारा भाग, साधा बाजारातला एलईडीचा निघाला, तोही काठाच्या फरशीखालच्या डबीत. आणि बाँडिंग नाहीच. ठेकेदार म्हणाले, सळई आता काँक्रीटमध्ये गेली, काही करता येणार नाही.

ह्यूस्टनकर
करता येतं. शिडीचे पाय ज्या खोबणीत बसतात तिथे थोडं काँक्रीट फोडलं की सळई सापडते. तिथे क्लॅम्प मारून तार बाहेर काढा. मग तलावाभोवती काठापासून दीड-दोन फुटांवर, फरशीखाली चार-सहा इंच खोल तांब्याच्या तारेचं कडं फिरवा. सळई, शिडी, कठडे आणि पंपाची बॉडी त्याला जोडा. काठाला कोणती फरशी आहे?

वाडीतलं_घर
जांभ्याचे चिरे, वाळूवर नुसते मांडलेले.

ह्यूस्टनकर
मग अर्धं काम झालंच. चिरे उचला, तार टाका, परत मांडा.

नाना_वायरमन
आणि चिरे उचललेत तर ती डबीही काढा. पाण्याच्या पातळीखालची डबी कधी ना कधी भरतेच, पाइपमधून केबलीच्या कडेने पाणी चढत येतं. दिव्यांची केबल विनाजोड पंपाच्या खोलीपर्यंत न्या, जोड पातळीच्या वर. ड्रायव्हरऐवजी सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर घ्या, त्यात २३० ची आणि १२ ची बाजू एकमेकींपासून पूर्ण तुटलेली असते. स्वस्त ड्रायव्हर आतून जळला तर २३० पलीकडे जाऊ शकतो. ट्रान्सफॉर्मरच्या बारा व्होल्टच्या बाजूला अर्थ जोडायचा नाही, हे ठेकेदाराला लिहून द्या. पावसाळ्यात एकदा आणि पुढच्या एप्रिलमध्ये एकदा परत मोजा, संध्याकाळीच.

केतकी_बोरिवली
नाना, शेवटचा प्रश्न. आम्ही जूनमध्ये ऑफिसचे पंधरा जण लोणावळ्याला तलाव असलेला बंगला घेतोय. पाहुण्यांनी जाऊन काय बघायचं? मीटर तर नेणार नाही.

नाना_वायरमन
डीबी दाखवायला सांगा आणि आरसीसीबीचं बटण दाबा. पडला पाहिजे, आणि त्याबरोबर तलावाचे दिवे आणि पंप गेले पाहिजेत. पाण्यातला दिवा फुटलेला, आतून पाणी भरलेला किंवा चौकटीतून लोंबणारा असेल तर उतरू नका. पाण्यात बुडवलेला पंप दिसला तर बाहेर काढून ठेवायला लावा. वीज कडाडायला लागली की सगळ्यांनी बाहेर यायचं. आणि शिडीला हात लावल्यावर एकालाही झिणझिण्या आल्या, तर पंधराही जण बाहेर. मालक काहीही म्हणाला तरी.